खांद्यावरची नाव

नाशिककर गोदावरीला गोदावरी क्वचितच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ असं सांगून माणूस घराबाहेर पडला की तो रामकुंडाकडे निघाला हे शेजाऱ्याला कळतं. ह्या गंगेचं रूप वर्षातून दोनदा पालटतं. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की साऱ्या गावाचे डोळे दुतोंड्या मारुतीकडे लागतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला भिडलं, ह्या मापानेच पुराची बातमी सराफ बाजारात पोचते. चैत्र-वैशाखात मात्र वरच्या धरणातून पाणी सुटलं नाही, तर पात्रातले काळे खडक उघडे पडतात.

अशा नदीवर होडी बांधून ठेवायची कुठे? कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याची होडी घरामागे बांधलेली असते, भरतीला उचलते, ओहोटीला चिखलात बसते आणि बारा महिने कामाला येते. घाटावरच्या नद्या चार महिने खवळलेल्या, दोन-तीन महिने बऱ्या आणि उरलेला काळ पायी ओलांडण्याजोग्या. त्यामुळे इथे नाव नदीकाठी राहत नसे. गरज पडली की ती तयार व्हायची, पाण्यापर्यंत उचलून न्यायची आणि पाऊल पलीकडे पडलं की मोडायची.

हे आठवण्याचं निमित्त आजचं आहे. शनिवारी पहाटे नाशिकहून भंडारदरा, वैतरणा किंवा गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे निघणाऱ्या गाड्यांच्या डिकीत तंबू, चटया आणि शिध्याच्या पिशव्यांबरोबर आता कधीकधी एक गुंडाळलेली जाड पिशवीही असते. तिच्यात कयाक असतो. हवा भरायचा, सांगाड्यावर ताणायचा किंवा कागदी होडीसारखा घड्या घालून उभा करायचा. कुठला घ्यावा ह्यावर मित्रमंडळींत तावातावाने चर्चा होते, आणि बहुतेकांची समजूत अशी की हे खूळ परदेशातून नुकतंच आलं. वस्तू बाहेरची आहे हे खरं. पण पाण्यापर्यंत नाव खांद्यावरून नेण्याची रीत ह्या मुलखाच्या भाषेतच मुरलेली आहे.

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण सभेत, अग्रलेखात, घरखर्चाच्या हिशेबात सर्रास वापरतो. सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू: दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन वाळके भोपळे एकत्र बांधून केलेलं तरतं साधन. दुध्या भोपळा वेलीवरच पूर्ण वाळू दिला की आतला गर सुकतो, साल लाकडासारखी टणक होते आणि आत नुसती हवा उरते. असे दोन भोपळे दोरीने जोडून बगलेखाली किंवा पाठीवर घेतले की न पोहणारा माणूसही तरतो. पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं अजूनही गावोगाव भेटतात. काम झालं की भोपळे खुंटीला. ह्यापेक्षा सुटसुटीत नाव कुठली!

‘कासेला लागणे’ हाही शब्द पाण्यातलाच. कास म्हणजे पोहणाऱ्याच्या कमरेला घट्ट आवळलेलं वस्त्र. पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कासेला धरून बाकीचे पूर ओलांडत. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदी कल्पून तिचं जे लांबलचक रूपक आलं आहे, त्यात तारू, तरांडं, कास हे सगळे शब्द भेटतात. हा ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात सिद्ध झाला. श्रोत्यांना ते रूपक उलगडून सांगावं लागलं नसणार. पावसाळ्यात नदी उतरून जाणं हा त्यांच्या अनुभवातला भाग होता.

नेवाशापासून थोडं खाली प्रवरा गोदावरीला मिळते. तिथलं गाव टोका. नाशिकहून निघालेली गोदावरी इथे येईतो चांगली रुंदावते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये ह्या संगमावर एक मोठी छावणी पडली होती. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांच्या मागे औरंगाबादकडे जायचं होतं, आणि मध्ये ऐन पावसाळ्यातली गोदावरी आडवी आली. पूल नव्हता, पुरेशा नावाही नव्हत्या. तेव्हा फौजेने रानातल्या फांद्यांच्या मोठमोठ्या टोपल्या विणल्या, त्यांना बाहेरून बैलाचं कातडं ताणून बसवलं आणि त्या पाण्यात सोडल्या. सैन्य, दारूगोळा, सामानसुमान सगळं त्या टोपल्यांतून पलीकडे गेलं. महिन्याभरात, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत असईला पानंच्या पानं मिळतात आणि टोक्याच्या टोपल्यांना जेमतेम एक वाक्य. वास्तविक त्या टोपल्या विणल्या गेल्या नसत्या तर लढाईचं ठिकाण आणि दिवस दोन्ही वेगळे झाले असते.

ही विद्या वेलस्लीने विलायतेहून आणलेली नव्हती. तुंगभद्रेवर अशा टोपल्या शतकानुशतकं चालत होत्या. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेल्या दोमिंगो पाइश ह्या पोर्तुगिजाने त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे: आतून वेताच्या, बाहेरून चामड्याच्या, पंधरा-वीस माणसं बसतील एवढ्या, वेळप्रसंगी घोडे आणि बैलही नेणाऱ्या. त्या सरळ जात नाहीत, गोल गोल फिरत राहतात, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. हंपीला गेलेल्या कुणालाही ते फिरणं आजही अनुभवता येतं.

कातड्याच्या नावेची एक फार जुनी हकिगत हिरोडोटसने लिहिली आहे. आर्मेनियातले व्यापारी विलोच्या फांद्यांवर कातडं मढवून गोल नाव करत, तिच्यात माल आणि एक जिवंत गाढव घालत आणि प्रवाहाबरोबर बाबिलोनला उतरत. तिथे माल विकायचा, नावेचा सांगाडाही विकायचा, कातडं गाढवाच्या पाठीवर टाकायचं आणि पायी घरी परतायचं. प्रवाहाविरुद्ध वल्हवण्याचे कष्ट वाचवण्यासाठी नाव सोलून परत नेण्याची ही युक्ती इतकी चोख आहे की आजच्या कुठल्याही कारखानदाराने ती अभिमानाने आपली म्हणून सांगावी.

अलेक्झांडरच्या सैन्याने तर तंबूंचीच नाव केली. ख्रिस्तपूर्व ३२९ मध्ये ऑक्सस नदी ओलांडताना त्याने सैनिकांना तंबूंची कातडी गोळा करायला लावली, तिच्यात सुका भुसा भरून टाके इतके घट्ट घातले की पाणी आत शिरू नये, आणि पाच दिवसांत सगळी फौज पलीकडे नेली. ज्याच्याखाली निजायचं त्याच्यावरच बसून नदी उतरायची! मुक्काम आणि नाव ह्यांची सांगड इतकी जुनी आहे.

खुद्द कयाक हा उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांचा. झाडं नसलेल्या त्या मुलखात समुद्राने वाहून आणलेलं लाकूड आणि हाडं ह्यांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. शिकारी आपला कयाक स्वतःच्या अंगाच्या मापाने करी. लांबी पसरलेल्या हातांच्या साधारण तिप्पट, रुंदी कमरेपेक्षा दोन मुठी जास्त. अंगरखा शिवावा तशी ती नाव बेतलेली असे, आणि बर्फावरून एकट्याने वाहून नेता येईल इतकी हलकी.

ह्या कातड्याच्या जागी रबरी कापड आलं ते एकोणिसाव्या शतकात. ब्रिटिश आरमारातल्या पीटर हॅल्केट ह्या अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात अंगावरच्या पावसाळी झग्याचीच होडी केली. झग्यात हवेचे कप्पे होते, खिशात भाता ठेवायचा, हातातल्या काठीचं वल्हं व्हायचं आणि छत्रीचं शीड. आरमाराला त्याचं काही अप्रूप वाटलं नाही. पण त्याच्याच हवेच्या होडीचा दुसरा नमुना जॉन रे ह्या प्रवाशाने १८४६-४७ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत मनापासून वापरला. तशी एक होडी ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आजही आहे.

खरी घडीची नाव मात्र बव्हेरियात जन्मली. आल्फ्रेड हॉयरिख हा म्युनिकमधला वास्तुशास्त्राचा विद्यार्थी. १९०५ मध्ये त्याने बांबूच्या काठ्यांवर शिडाचं कापड ताणून एक कयाक केला, इजार नदीतून म्युनिकपर्यंत वल्हवत आणला आणि नंतर काठ्या सोडवून त्याची गुंडाळी केली. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, योहान क्लेपर ह्याने त्याचे हक्क विकत घेतले. क्लेपर रोझेनहाइम गावचा शिंपी होता, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ह्या नावेचं मर्म शिवणीत आहे, सुतारकामाकडे तिथे दुय्यम काम. एका पिशवीत काठ्या, दुसरीत कापड, असा संसार पाठीवर घेऊन जर्मन तरुण रेल्वेने डोंगरात जात, नदीच्या वरच्या अंगाला उतरत आणि दोन-तीन दिवस तंबूत मुक्काम करत खाली येत. मोटार नसलेल्या, घरात होडी ठेवायला जागा नसलेल्या गिरणी-कचेरीतल्या माणसाला ह्या पिशव्यांनी नद्या खुल्या करून दिल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये घडीच्या कयाकच्या १० हजार मीटरच्या शर्यती झाल्या. त्या एकदाच. पुढे ऑलिंपिकमध्ये त्या परत आल्या नाहीत.

ह्याच घडीच्या नावेत बसून एक माणूस आपल्या किनाऱ्यावरूनही गेला. मंदीत धंदा बुडालेला ऑस्कर श्पेक हा जर्मन वीजतंत्री १९३२ मध्ये उल्म गावाहून डॅन्यूबमध्ये उतरला. सायप्रसला जाऊन काम शोधावं एवढाच बेत होता. तो पुढे जातच राहिला. फ्रात नदी, इराणचं आखात, मग पश्चिम किनाऱ्याने मुंबईवरून दक्षिणेकडे उतरत १९३५ च्या मे महिन्यात तो कोलंबोला पोचला. साडेपाच मीटरच्या कापडी नावेत, छोटंसं शीड लावून. कोकणच्या कोळ्यांनी ती नाव पाहिली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवायला हवं होतं. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या साइबाई बेटावर लागला. तोवर महायुद्ध पेटलं होतं. किनाऱ्यावरच्या पोलिसांनी आधी त्याचं अभिनंदन केलं आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला ताब्यात घेतलं.

त्याच युद्धात घडीच्या नावांना भलतंच काम लागलं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मरीन सैनिकांनी अशा नावांतून रात्री वल्हवत जाऊन बोर्डोच्या बंदरातल्या जर्मन जहाजांना सुरुंग लावले. निघाले दहा जण, परत आले दोघे. युद्ध संपल्यावर, १९५६ मध्ये, हानेस लिंडेमान ह्या डॉक्टरने क्लेपरच्या दोन आसनी नावेतून एकट्याने अटलांटिक ओलांडला. ७२ दिवस लागले. घडीची नाव म्हणजे खेळणं, हा समज त्या दिवसापासून कुणी बाळगू नये.

इकडे नाशिक जिल्ह्यात तोवर दुसराच मोठा बदल घडत होता. नदीचं पाणी थांबू लागलं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा उभा राहिला, १९१६ मध्ये दारणा धरण पुरं झालं, शेजारच्या अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा १९२६ मध्ये आणि नाशिकच्या डोक्यावरचं गंगापूर धरण १९६५ मध्ये. हे सगळं शेतीसाठी आणि पिण्यासाठी. पण त्यामुळे ह्या भागात बारमाही, पसरट, शांत पाणी आलं. रतनगडाला जाणारे ट्रेकर शेंडीहून होडीने रतनवाडीला उतरू लागले, आणि पाण्यातून समोर वर येत जाणारा रतनगड पाहणं हा त्या वाटेचा मोठा आनंद ठरला. नाशिकमध्ये केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबची पोरं गोदावरीच्या पात्रात वल्ही मारू लागली.

ह्या पाण्याने चांदवड तालुक्याला मात्र फारसं काही दिलं नाही. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याची कामं करत वाढला. २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे, पुण्यात, त्याच्या हातात वल्हं आलं. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या नावेत सुवर्णपदक जिंकला. रोइंग आणि कयाक वेगळे आहेत. रोइंगवाला पाठीमागच्या दिशेने जातो, कयाकवाला समोर बघत. तरी टँकरची वाट पाहणाऱ्या गावातला मुलगा नावेत बसून जगापुढे गेला, ही नाशिक जिल्ह्याच्या पाण्याच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. सागरी कयाकचंही मराठी उदाहरण आहे: २०१५ मध्ये कौस्तुभ खाडे मुंबईहून गोव्यापर्यंत एकट्याने वल्हवत गेला.

धरणांवर हलकी नाव खरोखर रोज वापरतात ते मासेमार. ट्रकच्या चाकाची ट्यूब, तिच्यावर बसायला फळी किंवा विणलेली दोरी, दोन्ही हातांत वल्ह्याऐवजी लहान फळ्या. कुठे थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफा. पहाटे जाळं काढायला जाताना ट्यूब खांद्यावर, परत येताना एका खांद्यावर ट्यूब आणि दुसऱ्या हातात मासळीची पिशवी. भोपळ्यांच्या सांगडीची ही थेट वंशज. कयाक विकत घेण्याआधी धरणाच्या काठावर एक सकाळ ह्या माणसांशी बोलत घालवावी. वारा कधी सुटतो, बुडालेल्या झाडांची खोडं कुठे आहेत, कुठल्या कोपऱ्यात गाळ पायाला धरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

निवडीचा प्रश्न इथे येतो, आणि तो ह्या भूगोलानेच सोडवायचा असतो. क्लेपरच्या घराण्यातला काठ्या-कापडाचा कयाक सर्वांत भरवशाचा, पाण्यावर सरळ चालणारा. पण दोन आसनी नाव तीस किलोंच्या घरात जाते आणि उभी करायला सवय नसलेल्याचा अर्धा-पाऊण तास मोडतो. मे महिन्यात धरण आटलेलं असतं. गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून आणि दगडांतून बरंच चालावं लागतं. तेव्हा ते तीस किलो आठवतात.

अमेरिकेतल्या अँटन विलिस ह्या वास्तुरचनाकाराने लहान घरात कयाक मावेना म्हणून घडीच्या कागदी कलेवरून एक रचना केली आणि २०१२ मध्ये ती ओरू ह्या नावाने बाजारात आणली. पन्हळी प्लॅस्टिकचा एकच पत्रा, त्याला घड्या घातल्या की नाव. वजन बारा किलोंच्या आसपास. ही जात भंडारदऱ्याच्या खोल, स्वच्छ पाण्यावर शोभते. काठावरच्या बसाल्टच्या धारदार दगडांवरून मात्र ती ओढू नये, उचलूनच पाण्यात ठेवावी.

राहिला हवेचा कयाक, जो नाशिकचे बहुतेक लोक घेतात. त्यात दोन प्रकार. साध्या नळ्यांच्या कयाकमध्ये दर चौरस इंचाला एक ते तीन पाउंड दाबाची हवा भरतात, त्यामुळे बसल्यावर तो मधून खचतो आणि वारा सुटला की पानासारखा वाहवतो. दुसऱ्यात तळाच्या दोन थरांमध्ये हजारो धागे विणलेले असतात, त्याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. ते धागे थरांना फुगू देत नाहीत, म्हणून आठ-दहा पाउंड दाब सोसतो आणि तळ फळीसारखा ताठ राहतो. उन्हाळ्यात दुपारनंतर सह्याद्रीवरून येणारा पश्चिमेचा वारा ध्यानात घेतला, तर जास्तीचे पैसे ह्या दुसऱ्या प्रकारासाठीच मोजावेत.

आपल्याकडे हवेच्या नावेला बाभळीच्या काट्याचंही भय आहे. काठावर वाळून पडलेला दोन इंची पांढरा काटा चपलेतून आरपार जातो, तिथे कापडाची काय कथा. नाव पसरण्याआधी जागा हाताने चाचपून झाडून घ्यावी आणि खाली तंबूचं जाजम टाकावं. ऊनही तितकंच घातक आहे. पहाटे २० अंश असताना साध्या नळीत दोन पाउंड दाब भरला आणि नाव दुपारभर उन्हात काठावर राहिली, तर आतली हवा साठ अंशांपर्यंत तापते आणि तोच दाब चारच्या घरात जातो. शिवण उसवते ती तेव्हा, आणि कळतं पाण्याच्या मध्यावर. जेवायला बसताना झडप सैल करून थोडी हवा सोडून द्यावी, नाव झाडाखाली घ्यावी.

नांदूर मध्यमेश्वरला मात्र पिशवी गाडीतच राहू द्यावी. ते अभयारण्य आहे, जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं. हिवाळ्यात तिथलं पाणी पाहुण्या पक्ष्यांचं असतं, आणि एका वल्ह्याच्या आवाजाने बदकांचा अख्खा थवा उठतो. बाकीच्या धरणांवरही जलसंपदा खात्याची परवानगी आधी विचारावी. पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट अंगावर घालून पट्टे आवळावेत, ते आसनाखाली ठेवून उपयोग नाही.

आणि घरी आल्यावर वाळवणं. टोक्याच्या टोपल्यांचं कातडं ओलं राहिलं की कुजे, क्लेपरच्या कापडाला बुरशी धरे, आजच्या कयाकच्या शिवणीत राहिलेलं चमचाभर पाणी पुढच्या सहलीपर्यंत काळे डाग आणि वास देऊन जातं. नाशिकच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी दोरीवर चादरीशेजारी कयाक उलटा टांगलेला दिसतो तो ह्यासाठी. झडपा उघड्या, तळाच्या टोकाकडून धरणाचं गढूळ पाणी थेंबाथेंबाने फरशीवर गळत असतं.